सोंदूर, शेंदूर आणि मूळ प्रत

माझी आत्या गडहिंग्लजजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिला लिहायचं होतं, म्हणून मी तिला एक छोटं संकेतस्थळ काढून दिलं. तिथे तिने मोटेवर एक लेख लिहिला. विहिरीवरची, बैलांनी ओढायची, चामड्याची मोट. माझ्या पिढीने ती चित्रात पाहिली. आत्याने ती चालताना पाहिली, आणि तिला त्यातले शब्द माहीत आहेत. नाडा म्हणजे मोट ओढणारा जाड दोर. सोंदूर म्हणजे मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर. बैल चालतात ती उतरण म्हणजे धाव, पाणी पडतं ते थारोळं. साधारण बाराशे शब्दांचा लेख. शेवटी एक ओळ होती, की हे सगळे शब्द आमच्या मळ्यातल्या मोटकऱ्याने सांगितले, आणि त्याचं नाव.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "अगं, माझा लेख दुसऱ्याच्याच घरात नांदतोय."

एका मोठ्या पोर्टलने तो जसाच्या तसा उचलला होता. जसाच्या तसा म्हणजे दोन फरक करून. मोटकऱ्याचं नाव असलेली शेवटची ओळ गाळली होती. आणि 'सोंदूर' हा शब्द जिथे जिथे आला होता, दोन ठिकाणी, तिथे 'शेंदूर' केलं होतं. कुणाला तरी वाटलं असणार, म्हातारीची टायपिंगची चूक आहे, दसऱ्याला मोटेला शेंदूर लावत असतील.

मी आत्याच्या लेखातलं एक अख्खं वाक्य गूगलमध्ये टाकून शोधलं. पोर्टल आलं. आत्या आली नाही.

माझं पोट वेबसाइटींवर चालतं. म्हणून मी रडारड न करता, अशा वेळी आमच्यासारखे लोक जे करतात ते केलं. सर्च कन्सोल उघडलं. साइटच्या मालकाला गूगल आपल्या पानाबद्दल काय मानतं ते तिथे दिसतं. आत्याच्या पानाचा पत्ता टाकल्यावर दोन ओळी आल्या. पहिली, वापरणाऱ्याने जाहीर केलेलं कॅनॉनिकल: आत्याचा पत्ता. दुसरी, गूगलने निवडलेलं कॅनॉनिकल: पोर्टलचा पत्ता.

या दोन ओळी मी तेव्हापासून बऱ्याचदा वाचल्या आहेत. कवितेच्या दोन ओळी वाचाव्यात तशा, क्रियापदांकडे बघत. लेखक 'जाहीर करतो'. गूगल 'निवडतं'. जाहीर करणाऱ्याच्या हातात काही नसतं, हे क्रियापदातच आहे. ही समीक्षा त्या दोन ओळींची आहे.

आधी गूगलची बाजू मांडते, कारण ती खरोखर मजबूत आहे. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी लिंक पाठवता तेव्हा तिच्या मागे केवढं शेपूट असतं ते पाहिलंय का? प्रश्नचिन्ह, मग कुठून आलात, कुठल्या जाहिरातीवरून आलात, असलं काहीबाही. यंत्राच्या लेखी शेपटासकट पत्ता वेगळा आणि शेपटाविना वेगळा. सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला वेगळा, नसलेला वेगळा. एचटीटीपी वेगळा, एचटीटीपीएस वेगळा. मी आधी एका कपड्यांच्या दुकानाच्या साइटवर काम करत होते. तिथे एका कुर्त्याला सहा मापं, पाच रंग आणि यादी लावायच्या चार पद्धती होत्या. म्हणजे १२० पत्ते, आणि कुर्ता एकच. सर्च इंजिनने हे सगळे दाखवले तर तुम्ही फोन फेकून द्याल. त्यातला एक पत्ता निवडून बाकीचे मागे ठेवणं भागच आहे. त्या निवडलेल्या पत्त्याला म्हणायचं कॅनॉनिकल.

निवडीत लेखकाचं म्हणणं विचारात घ्यावं म्हणून फेब्रुवारी २००९मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक टॅग आणला. पानाच्या डोक्यात, वाचकाला न दिसणारी एक ओळ: या मजकुराचा खरा पत्ता अमुक. सुरुवातीला हे एकाच साइटच्या आतल्या पानांसाठी होतं. त्याच वर्षाच्या शेवटी गूगलने ते एका साइटवरून दुसऱ्या साइटकडे बोट दाखवण्यासाठीही मान्य केलं. २०१२मध्ये त्याचा रीतसर मसुदाही प्रसिद्ध झाला.

आता गंमत बघा. आत्याच्या लेखासाठी हा टॅग उपयोगी पडायचा तर तो कुठे हवा? पोर्टलच्या पानावर. नक्कल करणाऱ्याने आपल्या पानाच्या डोक्यात लिहायला हवं की मूळ पान तिकडे आहे. चोराने स्वतःच्या दारावर मालकाचा पत्ता टांगायचा! प्रत्यक्षात उलटच होतं. वर्डप्रेस डिसेंबर २००९मध्ये आलेल्या २.९ या आवृत्तीपासून प्रत्येक लेखाच्या पानावर हा टॅग आपोआप लावतं, आणि तो त्या पानाकडेच बोट दाखवतो. बाकीच्या बहुतेक प्रणालीही तेच करतात. म्हणजे उचललेला लेखसुद्धा पहिल्या क्षणापासून 'मीच मूळ' म्हणत जन्माला येतो, आणि कुणालाही खोटं बोलावं लागत नाही. सगळेच 'मीच मूळ' म्हणत असतील तर त्या म्हणण्याला किंमत किती द्यायची? गूगल त्याला आज्ञा मानत नाही, नुसती सूचना मानतं. पुनर्निर्देशन, साइटमॅप, आतल्या-बाहेरच्या लिंका, एचटीटीपीएस असे बाकीचे इशारे बघून स्वतः ठरवतं. मी त्यांच्या जागी असते तरी हेच केलं असतं.

पण मग ठरवायचं कशावरून? त्याआधी, दोन पानं 'तीच' आहेत हे कशावरून?

इथे १९९७ सालचा एक शोधनिबंध आठवतो, तेव्हाच्या अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनशी जोडलेला. आंद्रेई ब्रॉडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेबवरची सुमारे ३ कोटी पानं घेतली आणि प्रत्येकाचे तुकडे पाडले. तुकडे घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले: पहिला ते दहावा शब्द हे एक कौल, दुसरा ते अकरावा हे दुसरं, तिसरा ते बारावा हे तिसरं. मग दोन पानांची किती कौलं सारखी आहेत ते मोजायचं. सगळी मोजायला वेळ नाही, म्हणून हुशारीने नमुना काढायचा. मला ही पद्धत आवडते. मजकुराचा अर्थ कळायची गरज नाही, भाषा कळायची गरज नाही. मराठीलाही चालते, कन्नडलाही. २००७मध्ये गूगलच्या संशोधकांनी दुसरी पद्धत मांडली. तिच्यात अख्ख्या पानाचा ६४ बिटांचा ठसा काढतात, आणि दोन ठशांत जास्तीत जास्त तीन बिटांचा फरक असेल तर ती पानं जवळजवळ एकच. ८०० कोटी पानांच्या साठ्यासाठी ते हिशेब होते.

मी आत्याचा लेख आणि पोर्टलचा लेख घेऊन कौलांचा हिशेब केला. १२०० शब्दांच्या लेखात ११९१ कौलं. दोन शब्द बदलले की वीस कौलं बिघडतात. शेवटचे पंचवीस शब्द गाळले की आणखी पंचवीस जातात. उरलेली सगळी सारखी. साम्य जवळजवळ ९५ टक्के. यंत्राने या दोन पानांना एक मानलं, यात काहीच चूक नाही.

आणि तरीही, या दोन लेखांत मूळ कुठला आणि नक्कल कुठली हे सांगणारी सगळी माहिती त्या उरलेल्या ५ टक्क्यांत आहे.

थोडं हळू जाते, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. समजा तुम्हाला दोन्ही लेख मिळाले, तारखा नाहीत, नावं नाहीत. एकात 'सोंदूर' आहे, दुसऱ्यात 'शेंदूर'. कोण कुणावरून उतरलंय? ज्याला सोंदूर माहीत नाही तो त्याचं शेंदूर करू शकतो. शेंदूर माहीत नसलेला मराठी माणूस मिळणं अवघड, आणि सोंदूर माहीत असणारा शेंदूर वाचून बुचकळ्यात पडेल, पण दुसऱ्याचा शेंदूर उतरवताना त्याचा सोंदूर कशाला करेल? नकलाकार अनोळखीचं ओळखीचं करतो. म्हणून अवघड पाठ सहसा जुना. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे हा नियम कधीपासून वापरतात. वेगळेपणातूनच वंशावळ लागते. जे सगळ्या प्रतींत सारखं आहे त्यावरून काहीच कळत नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती याच रीतीने झाली. काम १९१९मध्ये सुरू झालं, १९६६मध्ये पूर्ण झालं. १२५९ हस्तलिखितं वापरली. १९२५पासून १९४३पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्याची धुरा वि. स. सुखठणकरांकडे होती. हा माणूस केंब्रिजला गणित शिकला होता, मग बर्लिनला जाऊन भाषाशास्त्राकडे वळला. (मला हे कळलं तेव्हा उगाचच आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं.) त्यांच्या हातातला प्रश्न सर्च इंजिनचाच होता: शेकडो जवळजवळ सारख्या प्रती, दाखवायची एक. पण त्या आवृत्तीचं कुठलंही पान उघडा. वर संपादकांनी निवडलेला पाठ, आणि खाली बारीक टायपात नाकारलेले पाठ, कुठल्या पोथीत काय आहे त्यासकट. कधीकधी खालचा भाग वरच्यापेक्षा मोठा. वरच्या पाठात जिथे संपादकाची खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही आपल्या सगळ्यांची लाडकी गोष्ट मूळ संहितेत बसत नाही असं ठरलं, तेव्हा ती परिशिष्टात छापली. फेकली नाही.

गूगलकडे अशी तळटीप आहे का? खरं तर आहे. निकालांच्या अगदी शेवटच्या पानावर कधीकधी एक वाक्य येतं, की वर दाखवलेल्यांशी फार साम्य असलेल्या काही नोंदी आम्ही वगळल्या आहेत, हव्या असतील तर पुन्हा शोधा. तिथे बोट लावलं आणि वगळलेल्यांत आत्या सापडली. पण निकालांच्या शेवटच्या पानावर तुम्ही शेवटचे कधी गेला होता? नागमोडी रेघ तर नाहीच. निवड साठ टक्के खात्रीने केली असो की नव्व्याण्णव, दिसते सारखीच ठाम.

कुणी म्हणेल, सुखठणकरांशी तुलना अन्यायाची आहे. एका बाजूला एक ग्रंथ आणि जवळजवळ अर्धं शतक, दुसऱ्या बाजूला अब्जावधी पानं आणि अर्धा सेकंद. मान्य. मग आपल्या घरातलं दुसरं उदाहरण घेऊ. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. कुठले पाठ नाकारले ते नोंदवून ठेवलं नाही. म्हणून पुढच्या अभ्यासकांना एकनाथांच्या आधीचं काय होतं ते शोधत बसावं लागलं, आणि राजवाड्यांनी १९०९मध्ये वेगळी प्रत छापली तेव्हा वाद झाले. या बाबतीत नाथ सुखठणकरांपेक्षा गूगलच्या जवळचे. पण त्यांनी एक केलं. ग्रंथाच्या शेवटी आपलं नाव घातलं, शक घातला, प्रती अशुद्ध झाल्या होत्या म्हणून हे केलं असं सांगितलं, आणि यात यापुढे कुणी आपल्या ओव्या घालू नयेत असं बजावलं. वाचणाऱ्याला कळतं की मधे एक माणूस होता आणि त्याने निवड केली. पोथ्यांच्या शेवटी अशी पुष्पिका असायची, लिहिणाऱ्याची ओळख देणारी. आत्याची शेवटची ओळ, मोटकऱ्याच्या नावाची, ही पुष्पिकाच होती. पोर्टलने नेमकी तीच गाळली.

'कॅनॉन' हा शब्द ग्रीक आहे. मुळात अर्थ मोजायची सरळ काठी. तोच शब्द अरबीत 'कानून' झाला आणि फारसीतून आपल्याकडे आला. आपला 'प्रमाण' हा शब्दही मोजण्यातूनच आलेला. म्हणून 'कॅनॉनिकल' म्हटलं की कायद्याचा आणि प्रमाणाचा वास येतो, ज्या आमच्या तांत्रिक अर्थात मुळीच नाहीत. तिथे अर्थ इतकाच: सारख्या पानांच्या गठ्ठ्यातून दाखवायला काढलेलं एक. बारशाला वीस जण आले आणि फोटोत एकाला पुढे उभं केलं, इतपत. पण तो फोटोतला माणूस जगाला बाप वाटतो. ज्याने शोधलं त्याला पोर्टल दिसलं, म्हणजे लेख पोर्टलचा. यंत्राने 'कुठला पत्ता?' या प्रश्नाचं उत्तर दिलं. आपण 'कुणाचं?' या प्रश्नाचं ऐकलं. माझी तक्रार निवडीबद्दल कमी आणि शब्दाबद्दल जास्त आहे. 'प्रतिनिधी' म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

एक फाटा फोडते, मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी. आत्याच्या लेखात 'चऱ्हाट' हा शब्द आहे. तो दोन प्रकारे टाइप होतो: चऱ्हाट आणि चर्‍हाट. तुमच्या फोनवर दोन्ही सारखे दिसतील. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि एक अदृश्य जोडचिन्ह. तसंच 'ॲप' आणि 'अॅप'. युनिकोडमध्येही काही जोड्या एकमेकांच्या बरोबरीच्या मानायचे नियम आहेत, आणि त्यांनाही कॅनॉनिकलच म्हणतात, पण या दोन जोड्या त्यात बसत नाहीत. आता समजा पोर्टलने शब्द न बदलता लेख फक्त एखाद्या कन्व्हर्टरमधून काढला असता. मोटकऱ्याने, दसऱ्याला, दुसऱ्या, चऱ्हाट असे एकमेकांपासून लांब लांब असलेले तीस शब्द आतून बदलले असते. तीनशे कौलं गेली. साम्य साठ टक्क्यांवर! वाचणाऱ्याला अक्षराचाही फरक दिसला नसता. अर्थात कुठलंही शहाणं सर्च इंजिन तुलना करण्याआधी अशा गोष्टी सारख्या करून घेऊ शकतं, आणि मराठीसाठी ते करायलाच हवं. पण कौलांची मोजणी स्वतःहून कशाला फरक म्हणते ते बघा. दोर आणि कुंकवाच्या भावंडातला फरक तिला किरकोळ. न दिसणारं जोडचिन्ह तिला मोठं.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं, अर्थातच जरा जास्तच. ती म्हणाली, "चऱ्हाट लावू नकोस. करायचं काय ते सांग."

करता येण्यासारखं होतं. कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म गूगलकडे असतो, तो मी भरून ठेवला. पोर्टलला लिहायचं पत्रही ठोकलं. त्यात मी अट घातली की नाव द्या आणि कॅनॉनिकल टॅग आत्याच्या पानाकडे वळवा, किंवा तुमचं पान इंडेक्समधून काढा. दुसरा पर्याय मुद्दाम लिहिला. दुसऱ्याचा मजकूर परवानगीने छापणाऱ्यांसाठी गूगलनेच २०२३मध्ये सल्ला बदलला: कॅनॉनिकल टॅगवर विसंबू नका, छापणाऱ्यानेच ते पान इंडेक्सपासून दूर ठेवावं. परवानगीने छापणाऱ्यांच्या बाबतीतही टॅग पुरत नाही, तर बिनपरवान्याच्या ठिकाणी काय पुरणार?

आत्याने पत्राचा मसुदा वाचला आणि म्हणाली, "एवढं कशाला? तेवढा शेंदूर काढ म्हणावं त्यांना."

"आणि नाव?"

"माझं राहू दे. त्याचं घाला म्हणावं."

मी भांडले. फॉर्म तिच्या सहीशिवाय जाणार नव्हता, आणि ती सही करेना. तिचं म्हणणं, तिच्या पानावर दिवसाला चार माणसं येतात आणि तिकडे चार हजार वाचतात. वाचू देत. पण चार हजार माणसं मोटेला शेंदूर बांधायचे असं समजून गेली तर तो शब्द कायमचा मेला. शेवटी तिनेच फोन केला, शाळेत मुख्याध्यापकांशी बोलत असेल त्या आवाजात. पोर्टलवाल्या मुलाने ऐकून घेतलं, सॉरी मॅडम म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही ठिकाणी सोंदूर झालं. मोटकऱ्याचं नाव काही आलं नाही. ते तो विसरला असावा.

म्हणजे आता दोन्ही लेख आणखी सारखे झाले. नक्कल ओळखायची जी एकमेव खूण होती ती आम्हीच फोन करून पुसली. हे मी तिला सांगितलं नाही. ती तेव्हा दुसऱ्या कामात होती. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं होतं, की त्यांच्या गावात थारोळ्याला वेगळा शब्द आहे, आणि आत्याला तो लेखात खाली जोडायचा होता, बाईंच्या नावासकट. "लेखाच्या शेवटी रेघ मारून घालू की कंसात?" तिने विचारलं. मी म्हणाले, शेवटी घाल, रेघ मारून, बारीक टायपात.